स्क्रीन नसलेला हातमोजा

माझा हात चांगला आहे. हे मी स्वतःच सांगतेय, कारण दुसऱ्या कुणी म्हणायची वाट बघत राहिले असते तर अजून नववीच्या शेवटच्या बाकावर असते, हजेरी दिली तरी सरांनी "गैरहजर" लिहावं अशा आवाजात. आता मी बारावीत आहे आणि दुपारी तीन ते सहा आमच्या तालुक्याच्या कम्युनिटी कॉलेजात सोनोग्राफी सहायकाचा कोर्स करते. एकवीस मुली, दोन मुलगे. त्यांत पोटावर हात ठेवल्यापासून सगळ्यात लवकर बाळाचं हृदय गाठते ती मी. आमच्या शिंगटे मॅडम म्हणतात, "दुर्वा, तुझ्या मनगटात काहीतरी आहे. त्यातलं थोडं तोंडाला मिळालं असतं तर बरं झालं असतं, ते जरा थांबायला शिकलं असतं."

आमच्या आधीच्या मुलींना हा कोर्स करताच आला नसता. डॉक्टर सोडून कुणी सोनोग्राफीच्या मशीनला हात लावायचा नाही, असा कायदा होता. मशीनमध्ये बाळ मुलगा की मुलगी ते दिसायचं, आणि दिसल्यावर पुढे काय व्हायचं ते सगळ्यांना माहीत होतं. पण आमच्या तालुक्याला डॉक्टर एक, तोही सोमवारी आणि गुरुवारी. त्याची वाट बघत बायका बाळंत होऊन जायच्या. मग हातमोजा आला, आणि कायदा त्याच्यापुरता सैल झाला.

हातमोज्यात आवाजाचा खेळ आहे. विहिरीत हाक मारली की ती परत येते, आणि किती वेळाने येते त्यावरून विहीर किती खोल ते कळतं. हातमोज्याच्या तळव्यात स्फटिकांचे चौदाशे बारीक ठिपके आहेत. वीज दिली की ते सेकंदाला पस्तीस लाख वेळा थरथरतात. तो आवाज आपल्याला ऐकू येत नाही, पण पोटात शिरतो. हाडावर आपटून जोरात परततो, पाण्यातून सरळ निघून जातो, मांसातून थोडा थोडा मागे येत राहतो. परत आलेला आवाज स्फटिकांवर आदळला की त्याची पुन्हा वीज होते आणि तिच्यातून चित्र तयार होतं.

आणि ते चित्र कुणीही बघत नाही. हातमोज्याला स्क्रीनच नाही. मनगटावरच्या डबीतला कॉम्प्युटर ते बघतो आणि हाताच्या पाठीवर बसवलेल्या बारक्या मोटरींनी आपली बोटं ढकलतो. डावीकडे, जरा वर, दाब, थांब. आपण त्याचं ऐकायचं. डोक्याचा घेर, मांडीचं हाड, हृदयाचे ठोके, वार कुठे आहे, एवढे आकडे जिल्ह्याच्या डॉक्टरांकडे जातात आणि चित्र जागीच पुसलं जातं. हात चुकून बाळाच्या दोन मांड्यांच्या मध्ये गेलाच तर मोटरी बंद पडतात आणि बोटं सैल होतात. कायद्याच्या दृष्टीने तो भाग बाळाला नाहीच.

दिवाळीनंतर मला त्या सैल पडण्यातच काहीतरी जाणवायला लागलं. कधी हातमोजा लाइट गेल्यासारखा एकदम गप्प व्हायचा. कधी गप्प होण्याआधी दोन झटके द्यायचा, इतके बारीक की बोटांना कळावेत आणि डोक्याला कळू नयेत. मी विचार करकरून छडा लावला. एखादी गोष्ट लपवायची तर आधी ती ओळखावी लागते. मुलगा असला की कॉम्प्युटरची लगेच खात्री पटते. मुलगी असली की हे खरंच असं आहे की अजून नीट दिसलं नाही, हे ठरवायला तो पुन्हा बघतो, आणि पुन्हा एकदा बघतो. ते बघणं मोटरींमध्ये झिरपत होतं.

कॉलेजात सरावासाठी येणाऱ्या अकरा बायकांची नावं मी फिजिक्सच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिली आणि प्रत्येकीपुढे माझा अंदाज. मार्चपर्यंत सगळ्या बाळंत झाल्या. अकराच्या अकरा अंदाज बरोबर. माझी छाती अशी फुगली होती की युनिफॉर्मचं वरचं बटण लागेना. पण सांगणार कुणाला? शेवटी अल्फियाला सांगितलं. अल्फिया मुलाणी माझी कोर्समधली जोडीदार, दहा शब्दांच्या जागी दोन बोलणारी.

ती म्हणाली, "मॅडमना सांग."

"सांगते गं. प्रॅक्टिकल झालं की."

"आत्ताच सांग."

"आत्ता सांगितलं तर सगळे हातमोजे कंपनीत जातील, परीक्षा पुढे जाईल आणि मी पहिली येणार नाही."

अल्फियाने माझ्याकडे बघितलं. ती नुसती बघते तेव्हा आपण चुकतोय हे मला समजतं, पण तेव्हा मी समजून घेण्याच्या मूडमध्ये नव्हते.

प्रॅक्टिकलला प्रत्येकीने घरची किंवा ओळखीची गरोदर बाई आणायची असते. मी स्वप्नाली वहिनीला नेलं. ती माझ्या दादाची बायको. तिला तेव्हा पाचवा लागला होता. घरात आई, पप्पा, दादा, वहिनी, त्यांची चार वर्षांची ईरा, आणि आत्या. आत्या म्हणजे पप्पांची मोठी बहीण. तिचे यजमान गेल्यापासून आमच्याकडेच असते, आणि घरात भाजी कुठली करायची इथपासून सगळं तिच्याच तोंडून ठरतं.

इथे एक सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वीही वहिनीला दिवस गेले होते. चौथ्या महिन्यात तालुक्याबाहेरून एक गाडी आली, गाडीत कुणाचं तरी मशीन होतं. दुसऱ्या दिवशी दादा वहिनीला घेऊन राज्याच्या सीमेपलीकडच्या पाहुण्यांकडे गेला. तिकडे आमचे कुणीच पाहुणे नाहीत. दोन दिवसांनी वहिनी परत आली, आठवडाभर भिंतीकडे तोंड करून झोपली, आणि आई मला म्हणाली, "पडलं. होतं असं कधी कधी. तू अभ्यास कर." मी अभ्यास केला. तेव्हा मला दुसरं काही येतच नव्हतं.

परीक्षेत वहिनी कॉटवर पडल्या पडल्या म्हणाली, "जेल केवढं गार आहे गं. फ्रिजमध्ये ठेवता का काय?"

"हलू नका वहिनी, माझे मार्क हलतील."

ती हसली तसं पोट हललं आणि परीक्षक बाईही हसल्या. मग माझा हात सुटला. डोकं, मांडी, हृदय, वार, सगळं साडेसहा मिनिटांत. एकदा हात जरा खाली गेला आणि बोटं सैल पडली. त्याआधी दोन झटके.

मला ते नको होतं. पण बोटांना कान असतात तसं झालं होतं, बंद करता येईनात. वहिनी छताच्या पंख्याकडे बघत काहीतरी गुणगुणत होती. मी हात पुसला, सही केली. मला शंभरात अठ्ठ्याण्णव मिळाले.

दादा वहिनीला गाडीवरून घरी घेऊन गेला. मी निकाल लागेपर्यंत थांबले, पहिली आले, अल्फियाला मिठी मारली, आणि स्टँडवरच्या दुकानातून पाव किलो पेढे घेतले. मनाशी पक्कं केलं होतं की घरात अक्षर बोलायचं नाही. नेहमीसारखं हसत जायचं, नेहमीसारखी बडबड करायची. ते मला छान जमतं.

दारात आत्या बसली होती. "काय आणलंस?"

"पेढे. पहिली आले मी. अठ्ठ्याण्णव."

तिने खोका हातातून घेतला, दोरा सोडला, आत बघितलं. मग मान वळवून स्वयंपाकघराकडे हळूच म्हणाली, "अगं दुर्वाची आई, बाहेर ये. पेढे आणलेत पोरीने."

आई पदराला हात पुसत आली. दोघींनी एकमेकींकडे बघितलं. आईचे डोळे भरले. तिने खोक्यातला पहिला पेढा उचलला, आणि मी तोंड उघडून उभी असताना माझ्या समोरून जाऊन तो आत बसलेल्या स्वप्नाली वहिनीच्या तोंडात घातला.

आमच्याकडे मुलगा झाला की पेढे वाटतात आणि मुलगी झाली की बर्फी. परीक्षेत पास झालं तरी पेढेच वाटतात. हे मला काल-परवा कळलेलं नाही, लहानपणापासून माहीत आहे. पण दुकानात उभं राहून पाव किलो सांगताना माझ्या डोक्यात मी सोडून कुणीच नव्हतं.

"आत्या, मी पहिली आले म्हणून आणलेत."

"हो गं बाई, त्याचसाठी. आम्ही काय दुसरं म्हणतोय? कायदा आम्हालाही कळतो." आणि तिने एक डोळा मिटला. पासष्ट वर्षांच्या बाईने मला डोळा मारला.

मी काय सांगायला हवं होतं? तसं काही नाही, असं तर सांगितलंच होतं, आणि ते म्हणजे माझा शहाणपणा असं त्यांना वाटलं. खरं सांगितलं असतं तर वहिनी त्या नसलेल्या पाहुण्यांकडे गेली असती. इतकं बोलायला शिकले होते मी, आणि त्या संध्याकाळी पेढा खाऊन गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी मी शिंगटे मॅडमना सगळं सांगितलं. झटके, वही, अकरा नावं. मॅडम ऐकता ऐकता खुर्चीवर बसल्या.

"किती जणांना सांगितलंस?"

"फक्त अल्फियाला."

"नोव्हेंबरपासून माहीत होतं तुला?"

"हो."

त्यांनी वही घेतली, मागची पानं फाडून कपाटात कुलपात ठेवली आणि कंपनीला पत्र लिहिलं. मला रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तीन आठवड्यांनी हातमोजे नवीन प्रोग्रॅम घालून परत आले. आता सैल पडण्याआधी मोटरी मनाला येईल तशा हलतात. कधी एक झटका, कधी चार, कधी एकही नाही. मी पंधरा दिवस डोळे मिटून तपासून बघितलं. काही म्हणजे काही कळत नाही. मला वाटलं, सुटले.

घरात वहिनीचे लाड चालले होते. तिला खाली बसून कपडे धुवू देत नव्हते, तिच्यासाठी नारळ येत होते, दादा संध्याकाळी लवकर घरी यायला लागला होता. ईराला सगळे "तुझा भाऊ" म्हणत होते. एप्रिलमध्ये आम्ही दोघी गच्चीवर कुरडया घालत होतो. वहिनी म्हणाली, "एक बोलू?"

"नको."

"अगं, विचारत नाहीये काही." सोऱ्यातून पीठ गोल गोल पडत होतं. "काल आत्यांनी माझ्या डोक्याला तेल लावलं. सात वर्षं झाली लग्नाला, पहिल्यांदा. मी डोळे मिटून बसले होते. मला एवढंच म्हणायचंय, सहावा लागेपर्यंत कुणाला काही सांगू नकोस. मलासुद्धा नको."

"वहिनी, मी..."

"पीठ सुकतंय. दाब तिकडून."

तिला किती माहीत होतं, ते मी अजूनही विचारलेलं नाही. सहावा लागला. सातवा लागला. आठव्यात आत्याने हिरवी साडी आणली.

ऑगस्टमध्ये वहिनी बाळंत झाली. मुलगी, दोन किलो नऊशे, भरपूर केस. नर्सने बाळ बाहेर आणून दाखवलं तेव्हा आत्या बाकावरून उठलीच नाही. तिने माझ्याकडे बघितलं.

"तू पेढे आणले होतेस."

"मी पहिली आले होते, आत्या."

"तोंड गोड करून फसवलंस आम्हाला. तुला सगळं कळत होतं."

पप्पा म्हणाले, "अगं आक्का, पोर म्हणतेय ना परीक्षेचे होते म्हणून." ते तेवढंच म्हणाले आणि चहा आणायला गेले. दादा भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचत होता. मला माझ्या भाचीला घ्यायचं होतं, पण माझे हात पुढे होईनात. हे हात. वहिनी दोन्ही मुलींना घेऊन माहेरी गेली. दादा अजून तिला आणायला गेलेला नाही.

पण भाची आहे, असं मी स्वतःला सांगत होते. जिवंत आहे, तिला वहिनीसारखी हनुवटी आहे. चुकून का होईना, माझ्या पेढ्यांनी ती आली. महिनाभर मी त्यावर जगले.

मग गल्लीत बातमी फिरायला लागली. आत्या ज्याला त्याला सांगत होती की दुर्वाला हातात कळतं, पण ती उलटं दाखवते. मी दारोदार सांगितलं की हातमोज्यातलं आता काहीच कळत नाही, नवीन प्रोग्रॅम घातलाय. किराणावाल्या काकू म्हणाल्या, "बरोबर आहे बाई, सांगायचं नसतंच." मी म्हटलं, "काकू, खरंच नाही कळत." त्या म्हणाल्या, "शहाणी आहेस."

कोर्सचं दुसरं वर्ष म्हणजे उपकेंद्रात प्रत्यक्ष काम. मंगळवार, शुक्रवार. बाहेरच्या बाकावर सासवा बसतात, दाराला काच आहे. पूर्वी त्या आपापसात बोलायच्या. आता काचेतून मला बघतात. मी हसले तर एक अर्थ, नाही हसले तर दुसरा, आणि "ती उलटं दाखवते" म्हटल्यावर दोन्ही अर्थ पालथे. एकदा मी निळी ओढणी घेऊन गेले तर त्यावरून बाकावर भांडण झालं. अल्फिया म्हणाली, "माझ्या अम्मीचा बुरखा घे." आम्ही दोघी पोट धरून हसलो. दारात उभ्या असलेल्या बाईने ते हसणंही बघितलं.

सप्टेंबरच्या शेवटी कीर्ती साळुंखे आली. आमच्याच गल्लीतली. पहिली मुलगी दोन वर्षांची, आता साडेचार महिने. ती स्वतः खूप बोलकी, मला "डॉक्टरीण बाई" म्हणायची. त्या शुक्रवारी माझा घसा धरला होता, अंगात कणकण होती. आवाज फुटत नव्हता म्हणून मी हाताने खुणा करत तपासणी संपवली. ठोके एकशे अठ्ठेचाळीस, मांडीचं हाड एकोणतीस मिलिमीटर, सगळं जिथल्या तिथे. बाहेर आले तेव्हा कीर्तीच्या सासूबाईंनी विचारलं, "झालं का नीट?"

घसा दुखत होता. मी नुसती मान हलवली आणि सायकल काढली. मला घरी जाऊन झोपायचं होतं, एवढंच.

सोमवारी शाळेत जाताना कीर्तीच्या दाराला कुलूप दिसलं. तिची दोन वर्षांची पोरगी शेजाऱ्यांच्या ओट्यावर बिस्किट खात होती. मी शेजारच्या मावशींना विचारलं, "कुठे गेलेत सगळे?"

"पाहुण्यांकडे. सीमेपलीकडे."

मी शाळेत गेले नाही. सायकल तशीच कॉलेजकडे वळवली. शिंगटे मॅडमनी ऐकता ऐकताच फोन लावला, आधी तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांना, मग जिल्ह्याला, मग एका हेल्पलाइनला. तिन्हीकडे एकच विचारलं. लिंग कुणी सांगितलं? मॅडम माझ्याकडे बघून फोनमध्ये म्हणाल्या, "कुणीच नाही." मग गुन्हा कोणता? कुठलं गाव, कुठला दवाखाना? आम्हाला माहीत नव्हतं. माणसं पाहुण्यांकडे गेलीत, यावरून आम्ही काय करायचं, फोनवरचा माणूस विचारत होता, आणि तो उद्धटपणे बोलत नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

मी कीर्तीला फोन केला. बंद. तिच्या नवऱ्याला केला. त्याने उचलला, माझा आवाज ओळखला, आणि म्हणाला, "तुझे उपकार आहेत. वेळेवर कळलं."

"काय कळलं? दादा, मी काही सांगितलं नाही. मला माहीत नाही. ऐका ना, मला ताप होता, माझा घसा..."

"कळतं आम्हाला. तुझं नाव कुठे येणार नाही." त्याने फोन ठेवला. पुन्हा लावला तर बंद.

बुधवारी ते परत आले. आत्या त्यांच्याकडे जाऊन आली आणि आईला सांगत होती, मी आतल्या खोलीत आहे हे विसरून. तिकडे मशीनवर बघितलंसुद्धा नाही म्हणे, पैसे वाचले. कीर्तीची सासू म्हणाली, दुर्वाचं तोंड बघितलं ना आम्ही, एवढी बडबडी पोर आणि एक शब्द बोलली नाही.

ते बाळ मुलगा होतं की मुलगी, हे मला माहीत नाही. त्यांनाही माहीत नाही. जगात कुणालाच माहीत नाही. हातमोज्याने ते बघितलं होतं, आणि त्याचं चित्र जागीच पुसलं गेलं. माझ्याकडे फक्त दोन आकडे राहिलेत, एकशे अठ्ठेचाळीस आणि एकोणतीस.

मी मॅडमना म्हटलं, मला कोर्स सोडायचाय.

"सोड," त्या म्हणाल्या. "पण तू ज्या दिवशी सोडशील ना, त्या दिवशी शेवटची जी बाई तपासली असशील, तिच्या घरचे म्हणतील, काहीतरी होतं म्हणूनच सोडलं."

मी त्यांच्या टेबलावर डोकं ठेवून रडले. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. दुसरं काय करणार होत्या त्या?

पुढच्या मंगळवारी मी मास्क लावला. मास्कवरून डोळे दिसतात म्हणून साधा चष्मा घातला. ओढणी राखाडी, केस घट्ट बांधलेले. वाडीवरची एक नवीन बाई आली होती, एकोणीस-वीस वर्षांची, माझ्याहून थोडीच मोठी. पाचवा महिना. मी जेल लावलं, हातमोजा ठेवला. बोटं आपोआप निघाली. डोकं मिळालं, मांडी मिळाली. हृदय नेहमीसारखं पहिल्या झटक्यात मिळालं, कारण माझा हात चांगला आहे. ती पोटाकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. तिने माझं मनगट धरलं आणि ओठ न हलवता म्हणाली, "ताई, हसा ना जरा. सासू बघतेय."

मी हसले तर तिचं काय होईल, मला माहीत नव्हतं. नाही हसले तर काय होईल, तेही नाही. मी मान वळवून भिंतीकडे बघितलं आणि हात फिरवत राहिले.

काचेबाहेरून आवाज आला, "भिंतीकडे का बघतेय ती?"